पुढच्या खोलीसाठी सोफा

"जरा आडवी होऊन बघ," मी शालनला म्हणालो.

"मी कशाला?"

"अगं, घ्यायचा म्हणजे नीट बघायला नको? नुसतं बसून काय कळणार?"

ती घुटमळली. दुकानात आम्ही दोघं आणि दुकानाच्या मालकीण हौसाबाई पांचाळ, एवढेच होतो. हौसाबाई शिलाई मशीनवर कसलंसं कव्हर शिवत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पडा ओ ताई. इथं कोण बघतंय! चपला तेवढ्या काढा."

शालननं चपला काढल्या, त्या शेजारी शेजारी नीट ठेवल्या, पदर सारखा केला आणि त्या सोफा-कम-बेडवर उजव्या कुशीवर कलंडली. मी खिशातून टेप काढला. पाटबंधारे खात्यात मी आरेखक होतो, त्यामुळे मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसायचा नाही. लांबी सहा फूट एक इंच, उघडल्यावर रुंदी साडेतीन. मी आकडे लिहून घेतले आणि विचारलं, "पाय पुरतात का गं?"

उत्तर आलं नाही. मी वळून पाहिलं तर शालन झोपलेली होती.

नव्व्याण्णव सालचा फेब्रुवारी होता, रविवार, दुपारचे दोन वाजले असतील. सांगलीहून माधवनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे दुकान होतं. दुकान कसलं, मोठं गोदामच. वरच्या पत्र्यांमध्ये मधूनमधून पांढुरक्या प्लास्टिकचे पत्रे बसवले होते, त्यातून ऊन गाळून आल्यासारखा उजेड खाली उतरत होता. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सोफे ओळीनं उभे. प्रत्येक सोफ्यासमोर एक टीपॉय, कुठं एखादी फुलदाणी. भिंती काढून घेतलेल्या कितीतरी घरांच्या पुढच्या खोल्या कुणीतरी एकत्र आणून ठेवल्यासारखं वाटत होतं. माणसं सगळ्याच घरांतून बाहेर गेलेली. लाकडाच्या भुशाचा आणि काथ्याचा वास. मशीनची टकटक थांबली की इतकी शांतता पसरे की वरच्या पत्र्यावर चालणाऱ्या कबुतरांची पावलं ऐकू यायची.

मी तिला उठवायला खाली वाकलो.

"राहू द्या," हौसाबाई म्हणाल्या.

"अहो, पण दुकानात असं..."

"रविवारचं दुपारी गिऱ्हाईक येत न्हाई. आलं तर बाकीचे सोफे काय कमी हायत? झोपू द्या."

मी बाजूच्या स्टुलावर बसलो. अठरा वर्षं आमचा संसार झाला होता, पण शालनला अशी भर दुपारच्या उजेडात झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. तोंड किंचित उघडं. कपाळावरची आठी, जी तिच्या चेहऱ्याचाच भाग आहे असं मला वाटायचं, ती नव्हतीच. आमच्या लग्नाच्या वेळची मुलगी कुठूनतरी परत आल्यासारखी दिसत होती. मला तिच्याकडे बघायला थोडं अवघडल्यासारखं झालं.

माझी आई डिसेंबरात गेली होती. त्याआधी सात वर्षं ती आमच्या पुढच्या खोलीत पलंगावर होती, कंबरेखाली हालचाल नाही. ती गेल्यावर पलंग कुणालातरी देऊन टाकला आणि पुढची खोली एकदम मोठी, पोकळ दिसायला लागली. फरशीवर पलंगाच्या चार पायांचे चार डाग राहिले होते. शालन झाडताना त्या डागांना वळसा घालून जायची. "तिथं सोफा घेऊ," असं एके दिवशी मीच म्हणालो. "साधा, आपल्याला परवडेल असा." तिला बरं वाटलं. नुसता सोफा नको, सोफा-कम-बेड घेऊ, हेही मीच म्हणालो होतो.

हौसाबाईंनी दोरा दातानं तोडला आणि त्या उठल्या. पंचावन्नच्या असतील, अंगानं किरकोळ, पण जवळचा दोन बैठकींचा सोफा त्यांनी सहज उलटा केला.

"या इकडं. बायको उठेस्तोवर तुमाला सोफा बघायला शिकवते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गिऱ्हाईक आल्या आल्या कापड बघतंय. कापड सगळ्यात शेवटी बघायचं. आधी पोट बघायचं."

सोफ्याच्या पोटाला काळं कापड ठोकलं होतं. त्याचा एक कोपरा त्यांनी उचकटून दाखवला. आत खोक्याच्या फळ्या होत्या, त्यांवर कुठल्याशा कंपनीची अर्धी अक्षरं.

"हा मी केलेला न्हाई. दुरुस्तीला आलाय. दोन वर्षांत बसला. सोफा स्वस्त असायला हरकत न्हाई ओ, पण स्वस्ताई कुठं केलीय ते कळलं पाहिजे. कापडात केली तर चालतंय, दोन-चार वर्षांनी दुसरं घालता येतंय. सांगाड्यात केली तर बसणाराला रडवतंय."

मग त्यांनी दुसरा एक सोफा दाखवला आणि मला त्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलायला लावला. मी उचलला. पुढचा दुसरा पायही लगेच जमिनीवरून सुटला.

"ह्याला म्हनायचं सांगाडा. एक पाय वर आणि दुसरा भुईलाच चिकटलेला, म्हंजे आत सगळं पिळतंय. वजन एकावरच येतंय. असा सोफा वरनं चांगला दिसतो बगा, अगदी शेवटपर्यंत."

मी मान डोलावली.

"दार किती रुंद हाय तुमचं? जिना वळतो का?"

हा माझा प्रांत होता. मी घडी केलेला आलेख कागद उलगडून त्यांच्यापुढं धरला. पुढच्या खोलीचा नकाशा मी रीतसर काढून आणला होता. दार, खिडकी, दाराचं पान कुठपर्यंत उघडतं त्याची कमान, सगळं मापात. हौसाबाईंनी चष्मा लावला आणि बराच वेळ तो कागद पाहिला.

"लई झ्याक काढलंय," त्या म्हणाल्या. "पण ह्यात बसणार कोण कुठं?"

"म्हणजे?"

"म्हंजे ताई कुठं बसणार, तुम्ही कुठं? हे तुम्ही सोफा खिडकीकडं डोकं करून ठेवलाय. बसायचा असता तर भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून ठेवला असता." त्यांचं बोट कागदावरून सरकलं आणि सोफ्याशेजारच्या एका छोट्या चौकोनावर थांबलं. "आणि हे काय?"

"खुर्ची."

"भोकाची?"

आईची ती शौचाची खुर्ची अजून माळ्यावर होती.

त्याच वेळी शालन झोपेत काहीतरी पुटपुटली. आम्ही दोघांनी तिकडं पाहिलं. तिचा डावा हात गादीच्या कडेशी चाचपडत होता. मग तळवा पसरून तिनं हवेतच कुणाला तरी हळूच पलीकडं लोटलं, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. "आलेच हं आई," ती म्हणाली, अगदी स्पष्ट. डोळे मिटलेलेच होते. मग हात खाली पडला आणि ती पुन्हा झोपेत बुडाली.

मला घड्याळाकडं बघायची गरज नव्हती, तरी मी बघितलं. चार वाजायला आले होते. दोन तास झाले होते. आईला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सात वर्षांत आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही. डॉक्टर त्याचं कौतुक माझ्याजवळ करायचे आणि मी ते घ्यायचो.

"कुनाचं केलं?" हौसाबाईंनी विचारलं.

"माझ्या आईचं. सात वर्षं."

"मी सासऱ्याचं केलंय. दीडच वर्ष. तरी अजून पहाटे दोनदा जाग येती, आणि मग उठून बसते, की आता कुनाकडं जायचंय." त्यांनी माझ्या कागदाकडं बोट केलं. "आता ह्या नव्या बिछान्यावर कोण येनार हाय?"

तोपर्यंत ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. अनोळखी बाईला सांगणं सोपं गेलं, कदाचित त्या उजेडामुळं असेल, कदाचित शालन एवढ्या जवळ असून ऐकत नव्हती म्हणून असेल.

माझी एक आत्या होती, चंपूआत्या. वडिलांची थोरली बहीण, मूलबाळ नाही, वयाच्या तिशीत विधवा झालेली. इस्लामपूरला भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. आमच्या लहानपणी सुट्टीत आम्ही भाऊ तिच्याकडंच असायचो. दिवाळीत ती पाय घसरून पडली, मनगट मोडलं. आईच्या तेराव्याला सगळे जमले तेव्हा माझे थोरले भाऊ प्रभाकरदादा मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "चंपूआत्याला आता एकटं ठेवून चालणार नाही. माझी पुण्याची जागा तुला माहीत आहे. तुझी पुढची खोली आता मोकळीच झालीय. आणि शालनला सवय आहे."

मी हो म्हणालो. पाडव्याला आणायचं ठरलं. त्याला दोन महिने झाले होते आणि पाडवा महिन्यावर आला होता.

"ताईंना ठाऊक हाय?" हौसाबाईंनी विचारलं.

"सांगणार होतो. सोफा आला की..."

कागदाची घडी घालून हौसाबाईंनी तो माझ्या हातात दिला आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसल्या. पण मशीन चालवलं नाही. हातशिलाईचं काहीतरी काढलं. शालनची झोप मोडू नये म्हणून, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी रस्ता ओलांडून समोरच्या टेलिफोन बूथमध्ये गेलो आणि पुण्याला फोन लावला.

"दादा, आत्याला आमच्याकडं आणायचं जमणार नाही."

"जमणार नाही म्हणजे? तू शब्द दिलायस."

"दिला. चुकलं माझं."

"शालन नको म्हणाली?"

"तिला मी अजून विचारलेलंच नाही."

"मग?"

दादा चिडले. आत्यानं तुला अंगाखांद्यावर खेळवलं, आता तिनं कुठं जायचं, असं बरंच बोलले. त्यांचं चूक नव्हतं. मी "नाही" एवढंच दोन-तीनदा म्हणालो आणि फोन ठेवला. परत येताना आत कुठंतरी मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे कबूल करतो. बायकोसाठी मी मोठं काहीतरी केलं होतं, आणि ती जागी झाली की तिला ते सांगणार होतो.

ती पाचच्या पुढं जागी झाली. पत्र्यातला उजेड तोवर पिवळा होऊन सगळ्या प्लास्टिकवर पसरला होता आणि गोदाम पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं. शालन उठून बसली आणि आपण कुठं आहोत हे न कळून आजूबाजूच्या सोफ्यांकडं बघत राहिली.

"किती वाजले?"

"सव्वापाच."

"अगंबाई! उठवलं का नाही मला?"

"मीच उठवू दिलं न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "बसा, चहा सांगून येते." आणि त्या मुद्दामच बाहेर निघून गेल्या असाव्यात.

शालन केस सारखे करत हसली. "स्वप्नसुद्धा पडलं मला. मी एका घरात होते आणि तिथं सगळीकडे खिडक्याच होत्या. मला काही कामच नव्हतं. एवढंच स्वप्न."

तेव्हा मी तिच्याजवळ बसून तिला सगळं सांगितलं. तेराव्याचं, दादांचं, पाडव्याचं. सोफा-कम-बेड कशासाठी ते. आणि शेवटी, आत्ता फोन करून नाही म्हणून आलो, हेही. हे वाक्य मी जरा सावकाश बोललो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. कपाळावर आठी आली नाही.

"हो म्हणालात तेव्हा मला विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"नाही. म्हणून तर..."

"आणि नाही म्हणालात तेव्हाही विचारलं नाहीत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते अगदी साध्या आवाजात म्हटलं. मघाचा तो अभिमान कुठं गेला ते कळलं नाही.

"तू झोपली होतीस," मी म्हणालो.

"आज झोपले होते. दोन महिने जागीच होते." ती उठली, चपला पायात सरकवल्या. "दादांचा नंबर द्या. आणि आत्यांच्या घरमालकांचा आहे का तुमच्याजवळ?"

मी डायरी दिली. ती रस्ता ओलांडून बूथमध्ये गेली. मी दुकानाच्या दारात उभा राहिलो. बूथच्या काचेवर मावळतीचं ऊन पडलं होतं, त्यामुळं आतली शालन मधूनच दिसायची, मधूनच काच नुसतीच सोनेरी व्हायची. तिचे ओठ हलताना दिसत होते, एकही शब्द ऐकू येत नव्हता. मध्येच ती हसली. मग बराच वेळ नुसती ऐकत होती. मग तिनं दुसरा नंबर फिरवला आणि या वेळी तिचं बोलणं थोडक्यात आटोपलं. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर राहत होतो, आणि ती कुणाशी काय बोलत असेल याचा मला अंदाज करता येत नव्हता.

परत आल्यावर तिनं चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाली, "आत्या पाडव्याला येतील. दसऱ्यापर्यंत राहतील. मग परत इस्लामपूरला, त्यांच्या खोलीवर. तिथं सकाळ-संध्याकाळ एक बाई ठेवायची, ते दादा बघतील. आत्यांची झोपायची सोय मागच्या खोलीत करू. आपण दोघं माळ्याखालच्या खोलीत." तिनं एक घोट घेतला. "पुढच्या खोलीत आता कुणी झोपणार नाही. आणि रात्री आत्यांना काही लागलं तर तुम्ही उठायचं."

"दादा कबूल झाले?"

"झाले," ती म्हणाली. कसे, ते सांगितलं नाही. हौसाबाई मशीनच्या चाकाला तेल देण्यात गढून गेल्या होत्या.

मग आम्ही सोफा पाहिला. म्हणजे शालननं पाहिला, मी मागून फिरत होतो. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. ती एकेका सोफ्यावर बसून उठायची, हातावर भार न देता उठता येतं का ते बघायची. खोल, मऊ, बसल्यावर आत ओढून घेणारे सगळे तिनं सोडून दिले. "ह्यातून आत्यांना उठता यायचं नाही," ती म्हणाली. शेवटी एका तीन बैठकींच्या सोफ्यापाशी ती थांबली. लाकडी हात, पाठ सरळ, बैठक जरा उंच. दिसायला अगदी साधा. कापड विटकरी रंगाचं होतं, कुणी ऑर्डर देऊन नेला नव्हता म्हणून बरेच दिवस पडून होता. मी वाकून त्याचा एक पाय उचलला. दुसरा लगेच उचलला गेला.

"खिडकीतलं ऊन येईल ह्यावर, रंग उडेल," मी म्हणालो.

"उडू दे," शालन म्हणाली.

सोफा दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आला. जिन्याच्या वळणावर अडकला नाही, माझी मापं बरोबर होती. तो भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून ठेवला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी चंपूआत्याला आणायला इस्लामपूरला गेलो. एक ट्रंक, एक पिशवी आणि काठी. घरी पोचल्यावर तिनं पुढच्या खोलीत पाऊल टाकलं, आईचा पलंग असायचा त्या जागेकडं पाहिलं आणि सोफ्याच्या कडेवर टेकली. शालन आत तिचं अंथरूण घालत होती. खिडकीतून दुपारचा वारा येत होता, पडदा फुगून पुन्हा भिंतीला जाऊन लागत होता. आत्यानं सोफ्याच्या लाकडी हातावरून तळवा फिरवला, मग माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"विशू, तुला एक सांगू का?" ती म्हणाली. "तू मला नेणार आहेस, असं प्रभाकरनं मला जानेवारीतच कळवलं होतं. मी ट्रंक भरायला घेतली होती. रोज एक वस्तू भरायची आणि रोज रडायची."

"का गं? आमच्याकडं यायचं नव्हतं?"

"चाळीस वर्षं त्या खोलीत काढली रे मी. खिडकीत तुळस आहे, शेजारी सुमती आहे, गुरुवारी आमचं भजन असतं. मरायला कुणी तिथून उठवून नेतंय असं वाटायचं. पण तोंडानं कसं म्हणायचं? तुम्ही एवढं करताय." तिनं आतल्या खोलीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग त्या दिवशी घरमालकांकडं शालनचा फोन आला. मला वाटलं, नको येऊ म्हणून सांगायला केलाय. तर म्हणाली, 'आत्या, तुमच्या मनात काय आहे? तुम्हाला यायचंय का?'"

आत्यानं पदरानं डोळे पुसले.

"मी म्हटलं, पोरी, अर्धं वर्ष येते. हात बरा होईस्तोवर. दसऱ्याला मला माघारी पोचव, मला माझ्या घरात राहू दे. तर म्हणाली, 'बरं, तसंच करू. मी दादांना सांगते.' एवढंच. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे मी, विशू. लग्न लावलं, वैधव्य आलं, या घरातून त्या घरात हलवलं. मला कुणी कधी विचारलंच नव्हतं."